उंबऱ्यावरची रेघ

मँचेस्टर आणि सॉल्फर्ड यांच्यामध्ये फक्त इरवेल नदी आहे. नदी म्हणायची इतकंच. पुलावर बोलता बोलता आपण पलीकडच्या शहरात पोचलेले असतो. पण सॉल्फर्डच्या माणसाला मँचेस्टरचा म्हणायची सोय नाही. डोंबिवलीकराला कोणी मुंबईकर म्हटलं तर तो फारसं मनावर घेत नाही. इथली माणसं भर पावसात थांबून, छत्री सावरत, आपलं शहर वेगळं कसं ते समजावून सांगतात.

मला हे ज्यांनी समजावलं त्या माझ्या पुतण्याच्या शेजारीणबाई. जन्म १९४७ चा, ऑर्डसल नावाच्या गोदीकडच्या वस्तीतला. वडील गोदी कामगार, आईकडची माणसं उत्तरेला बर्नलीच्या गिरण्यांतली. मी लालबागच्या चाळीतला, साचेवाल्याचा मुलगा, हे पुतण्याने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ‘मग याला स्टेडियम कशाला दाखवतोस? याला मी माझी गल्ली दाखवते,’ असं म्हणून बाईंनी माझा ताबा घेतला. गल्ली पाडून पन्नासहून अधिक वर्षं झाली आहेत, हा तपशील त्यांना महत्त्वाचा वाटला नाही.

चॅपल स्ट्रीटवरून पायी निघालो. आता तिथे काचेच्या इमारती आणि कॉफीची दुकानं आहेत. एकेकाळी इथे फिलिप्स अँड ली यांची सूतगिरणी होती आणि १८०५ च्या सुमारास तिच्यात गॅसचे दिवे लागले. शोध मोठाच. पण दिवे लागले की काळोखातही काम घेता येतं, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. चालता चालता मी बाईंना आमच्याकडची दुसरी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, कापूस यायचा थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना टाळी लागली. माणसं धर्मादाय सूपवर जगली. त्याच वर्षांत आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंदांसारखे शेठ गब्बर झाले आणि समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्यांचे शेअर मुंबईत हातोहात खपू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं; इथल्या चुली पुन्हा पेटल्या, तिथले शेठ बुडाले. बाई थांबल्या. ‘शाळेत आम्हाला यातलं मुंबईचं काहीच शिकवलं नाही,’ म्हणाल्या. मी म्हटलं, आम्हाला यातलं सॉल्फर्डचं नाही शिकवलं.

इथे कोणीही कोणालाही ‘लव’ म्हणतं. बसचा ड्रायव्हर, भाजीवाली, दवाखान्यातली बाई, सगळे. आपण अनोळखी माणसाला काका, मावशी करून आधी नात्यात ओढतो आणि मग बोलायला लागतो. हे नात्याच्या भानगडीत न पडता थेट मायेवर येतात. पहिल्यांदा मी दचकलो. नंतर एका दुकानदाराने नुसतंच ‘सर’ म्हटलं तेव्हा उगाच परकं वाटलं. बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरचे आभार मानतो. बेस्टच्या बसमधून उतरताना मी हे एकदा करून पाहणार आहे. ड्रायव्हर काय म्हणेल सांगता येत नाही.

क्रेसंट या रस्त्यावर शहराचं वस्तुसंग्रहालय आहे आणि त्यात एक अख्खी गल्ली आहे. लार्क हिल प्लेस तिचं नाव. १९५७ मध्ये ती लोकांना खुली झाली. बाहेर जुनं शहर पाडलं जात होतं तेव्हा दुकानांची खरीखुरी दर्शनी तोंडं इथे आणून बसवली. औषधवाला, लोहार, दारूचा गुत्ता, कामगाराची एक खोली. खोलीत चूल, चुलीवर किटली, दोरीवर कपडे. शाळेतली पोरं रांगेने बघत होती आणि त्यांच्या बाई ‘किती छोटं घर ना!’ म्हणत होत्या. मला ते छोटं वाटलं नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ जण होतो, शिवाय कोकणातून आलेला कोणी ना कोणी.

आमच्या बाईंनी मात्र नाक मुरडलं. ‘वास कुठाय?’ मग त्यांनी वासांची यादीच सुरू केली. कोळशाचा धूर, गॅसच्या कारखान्याचा उग्र दर्प, उन्हाळ्यातली इरवेल, पावसात भिजलेले लोकरीचे कोट, अंगणाच्या टोकाचा संडास. हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून संडासात रॉकेलचा छोटा दिवा ठेवायचा आणि खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे अडकवलेले असायचे. तुकडे कापायचं काम पोरांचं. बातमी अर्ध्यावर तुटायची आणि पुढचा तुकडा आधीच वापरला गेलेला असायचा. आंघोळीचा पत्र्याचा टब भिंतीला टांगलेला. शुक्रवारी रात्री तो चुलीपुढे यायचा आणि एकाच पाण्यात सगळं घर पाळीपाळीने न्हायचं. यावर मात्र मला बोलावंसं वाटलं. आमच्या चाळीत मजल्याला संडास सामायिक होते, टमरेल घेऊन रांग लागायची, पण दुसऱ्याच्या आंघोळीच्या पाण्यात उतरायची वेळ आमच्या शत्रूवरही आली नसती. बाई हसल्या. म्हणाल्या, ‘त्या पाण्यात मी सगळ्यांत शेवटी, लव. मी धाकटी होते.’

पत्र्याच्या टबाच्या आठवणी इथे आता हौसेने सांगितल्या जातात. बाईंना त्याची चीड आहे. ‘गरीब होतो पण सुखी होतो’ असं कोणी म्हणालं की त्या विचारतात, कोण सुखी होतं? तुझी आई सुखी होती का? सोमवार हा धुण्याचा दिवस. मागच्या बोळात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी, आणि वरून काजळी. धुतलेलं वाळेपर्यंत पुन्हा काळं. धुक्यात धूर मिसळला की दिवसासुद्धा हात दिसायचा नाही आणि बसच्या पुढे कंडक्टर दिवा घेऊन चालायचा. १९५६ मध्ये हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा झाला, पुढे हळूहळू धूर हटला. शहरातल्या कितीतरी इमारतींचा दगड मुळात पिवळसर आहे हे बाईंना तरुणपणी त्या धुतल्यावर कळलं.

आणि अशा काजळीच्या शहरात घराचा उंबरा पांढरा लागे.

या उंबऱ्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. फेरीवाला भंगारवाला हातगाडी घेऊन गल्लीत यायचा, चिंध्या न्यायचा आणि बदल्यात एक दगड द्यायचा. आपल्याकडे बोहारीण कपड्यांवर भांडी देते तसा. त्यावर गाढवाची छाप असे म्हणून तो डाँकी स्टोन. घरची बाई गुडघ्यावर बसून उंबऱ्याची पायरी घासायची, ओली असतानाच दगडाने कडेला पांढरी किंवा पिवळसर रेघ ओढायची. पुढचा फुटपाथसुद्धा आपल्या घरापुरता. शेजारणीची हद्द सुरू झाली की हात थांबायचा. ज्या घराच्या पायरीवर रेघ नाही त्या घराबद्दल गल्लीत काय बोललं जाई ते बाईंनी मला सांगितलं, पुतण्याने भाषांतर करायचं टाळलं. पोरांनी रेघेवर पाय न देता उडी मारून घरात शिरायचं. बाईंच्या आजीचे गुडघे शेवटी वाकेनासे झाले तरी ती पायरी सोडीना.

माझी आईही पहाटेच्या भोंग्याच्या आधी गॅलरीत दारापुढची फरशी पुसून रांगोळी काढायची. मी बाईंना फोनवर रांगोळ्यांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिले. ‘तुमच्या बायकांनी निदान फुलं तरी काढली,’ म्हणाल्या. ‘आमच्या बायकांनी नुसती रेघ ओढली.’

वस्तुसंग्रहालयासमोर, रस्ता ओलांडला की वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी आहे. रूथ आणि एडी फ्राऊ या जोडप्याने सुट्ट्यांत कॅरॅव्हॅन घेऊन देशभर हिंडत कामगारांची पुस्तकं, पत्रकं, बिल्ले गोळा केले. ओल्ड ट्रॅफर्डच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही तेव्हा, १९८७ मध्ये, संग्रह इथे आला. जिन्यात युनियनचे रेशमी झेंडे टांगलेत. रॉबर्ट रॉबर्ट्सचं ‘द क्लासिक स्लम’ बाईंनी मला इथेच हातात दिलं. रॉबर्ट्स १९०५ चा, सॉल्फर्डमधल्या कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात वाढलेला. पुस्तक १९७१ चं. बाहेरून सगळी गल्ली सारखीच दरिद्री दिसे, पण आत पायऱ्या होत्या, कोण वरचा, कोण खालचा हे गल्लीला पक्कं ठाऊक होतं, आणि उधारी कोणाला द्यायची हे त्याची आई गल्ल्यामागे उभी राहून ठरवायची, असं तो सांगतो. आमच्या चाळीखालच्या वाण्याच्या लाल वहीतही पत नेमकी नोंदलेली असे. बदलीवाल्याला आठवड्याची उधारी, कायम कामगाराला महिन्याची.

बाईंनी विचारलं, तुमच्याकडे अशी जागा आहे? मी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं नाव घेतलं. त्यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांना बोलतं करून २००४ मध्ये मोठं पुस्तक केलं. पुस्तक आहे, म्हटलं. घर नाही.

पाऊस काही थांबेना. लँगवर्दीच्या चाळवजा घरांपाशी आम्ही चिप्सच्या दुकानात शिरलो. मी आधी तळण कशात आहे ते विचारून घेतलं, कारण या भागात पूर्वापार गुराची चरबी वापरायची पद्धत आहे. इथे तेल होतं. चिप्स म्हणजे बोटाएवढ्या जाड बटाट्याच्या फोडी, त्यांवर मीठ आणि भसाभस व्हिनेगर, शेजारी हिरव्या वाटाण्यांचा गरगट लगदा. आमच्या हिशेबाने फोडणी राहिलीच. पण थंडीने बोटं बधिर झालेली असताना गरम कागदातून उभ्याउभ्या खाताना तक्रार सुचत नाही. बाई लहानपणी वाटाण्यांसाठी घरून वाडगा घेऊन यायच्या. गोड पदार्थांवरचं रेशन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं, तेव्हा त्या जेमतेम शाळेत जाऊ लागल्या होत्या. दुकानापुढे पोरांची ही झुंबड उडाली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतली निम्मी पोरं ओकली. शेवटी त्यांनी मला एकल्स केक घेऊन दिला. एकल्स आता सॉल्फर्डचाच भाग. करंज्यांच्या घराण्यातला वाटला: खुसखुशीत पारी, आत काळ्या मनुकांचं सारण, वर साखर. आईने हा नक्की पसंत केला असता.

याच भागात जुन्या घरांच्या रांगा आतून पोखरून नव्याने बांधल्यात. बाहेरच्या विटा त्याच, आत मात्र झोपायच्या खोल्या खाली आणि बसायची खोली वर. बाईंना हा प्रकार विनोदी वाटतो. मला एवढंच दिसलं की एकाही पायरीवर रेघ नव्हती. बाई म्हणाल्या, नसू दे. बायकांचे गुडघे वाचले.

ऑर्डसलला पोचलो तेव्हा बाई भराभर चालू लागल्या. समोर साधी, अलीकडची घरं आणि हिरवळ. त्यांना मात्र जुना नकाशा दिसत होता. इथे चर्च, इथे धुलाईघर, इथे गुत्ता. इथे आर्ची स्ट्रीट. १९६० मध्ये सुरू झालेली आणि अजून चालू असलेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका आली तेव्हा तिच्या गल्लीचं रूप ठरवायला हीच गल्ली डोळ्यापुढे होती. १९७१ मध्ये खरी गल्ली पाडली, खोटी टीव्हीवर राहिली. मँचेस्टर युनायटेडचा एडी कोलमन याच आर्ची स्ट्रीटवरचा. संघातला खेळाडू आणि राहायला गल्लीत, आईवडिलांपाशी. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या धावपट्टीवर विमान कोसळलं. आठ खेळाडू गेले, त्यांत एकवीस वर्षांचा कोलमन होता. बाई तेव्हा दहा वर्षांच्या. शवपेट्या आल्या त्या रात्री पावसात माणसं रस्त्याच्या दुतर्फा उभी होती, आणि वडिलांनी टोपी काढून हातात धरलेली त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, एरवी ती जेवतानाही डोक्यावर असे.

सणाचं विचाराल तर नाताळपेक्षा बाई व्हिट वीकबद्दल जास्त बोलल्या. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी हा सण येतो. चर्चचे झेंडे, बँड आणि पांढऱ्या कपड्यांतल्या पोरींची मिरवणूक. वर्षातले नवे कपडे तेव्हाच, तेही हप्त्यांवर. नवे कपडे घालून शेजाऱ्यांच्या दारी दाखवायला जायचं, ते खिशात पेनी टाकायचे. सण संपला की चांगला कोट पुष्कळदा सावकाराकडे गहाण जाई. अकरा वर्षांच्या वयाला होणारी परीक्षा बाई पास झाल्या आणि त्यांना चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला. तिथला गणवेश ठरलेल्या दुकानातूनच घ्यावा लागे. आईने त्यासाठी संध्याकाळी कचेऱ्या झाडायचं काम धरलं. शाळेने त्यांची बोली घासूनपुसून काढायचा चंग बांधला. घरी एक बोलायचं, शाळेत एक. मालवणीत तोंडातून गेलेल्या शब्दाला आमच्या वर्गातही हशा पिकायचा, तेव्हा यातलं काही मला नवं नव्हतं.

साठच्या दशकात गल्ली उठवून त्यांना उंच इमारतीत घर दिलं. मी विचारलं, वाईट वाटलं असेल. बाई थोडं थांबून म्हणाल्या की नव्या घरात आईने गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्याखाली हात धरून ती नुसती उभी राहिली, पाणी वाया जातंय असं कोणी म्हणेना. गल्लीबद्दल रडली ती पुढच्या हिवाळ्यात. लिफ्ट बंद, शेजार अनोळखी, आणि खुर्ची टाकून बसायला पायरीच नाही.

गोदी आता सॉल्फर्ड कीज झाली आहे. ५८ किलोमीटरचा कालवा खणून १८९४ मध्ये समुद्र इथवर आणला. १९८२ मध्ये बंदर बंद पडलं. बाईंचे वडील जिथे ओझी वाहत तिथे आज बीबीसी आहे, आणि एल. एस. लाउरी या चित्रकाराच्या नावाचं कलादालन. गिरणी सुटल्यावरची वाकलेली काटकुळी माणसं, मागे धुराडी, आभाळ पांढरं, कोणाचीही सावली पडलेली नाही. चित्रं बघताना कळलं की लाउरी आयुष्यभर एका कंपनीत भाडेवसुलीची नोकरी करायचा, १९५२ मध्ये निवृत्त होईपर्यंत, आणि ही गोष्ट त्याने लपवून ठेवली. बाईंना हे चांगलं ठाऊक होतं. ‘भाडेवाला आला की आई घरात नाही असं मी दारात जाऊन सांगायचे,’ त्या म्हणाल्या. आमच्या चाळीत मालकाचा मेहता यायचा तेव्हा दारात मी उभा असे. कॅनव्हासवरच्या पोरांकडे आम्ही दोघं बराच वेळ त्या नजरेने बघत राहिलो.

मग बाईंचं आजोळ, बर्नली. पुतण्याने गाडी काढली आणि वाटेत पेनाइनचे डोंगर लागले. सुट्टीच्या आठवड्यात, वेक्स वीकला, सारं गाव एकदम बंद व्हायचं, धुराडी थंड पडायची आणि तेवढेच दिवस हे डोंगर स्वच्छ दिसायचे, असं बाईंची मावशी सांगे. त्या आठवड्यात सगळे ब्लॅकपूलला. गल्लीतलेच शेजारी तिथल्या खानावळीत पुन्हा शेजारी. गौरी-गणपतीला गिरणगाव कोकणात उतरायचं, पण आम्ही घरी जायचो. हे समुद्रावर मजा करायला जायचे. सुट्टी म्हणजे शेतावरचं काम नव्हे, ही कल्पना मला मोठेपणीच कळली.

हार्ल साइकची क्वीन स्ट्रीट मिल वाफेवर चालणारी शेवटची विणकाम गिरणी. तिच्या इंजिनाचं नाव पीस, म्हणजे शांती. आम्ही गेलो तेव्हा काही साचे चालवून दाखवत होते. पट्टे फिरले, धोटे धावले आणि तो आवाज पायांतून वर चढला. सगळे साचे चालू असतील तेव्हा काय होत असेल! इथल्या विणकर बायका या आवाजात ओठ मोठे हलवून, हातवारे करून बोलत. त्याला मी-मॉ म्हणतात. बाईंची मावशी गिरणी सोडल्यावरही तसंच बोलायची आणि लांबच्या टेबलावरची गुपितं ओठांवरून वाचायची. माझ्या वडिलांना ऐकू कमी येई. घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. पाहुण्यांना वाटे भांडण चाललंय.

ही गिरणी १९८२ च्या मार्चमध्ये बंद पडली. मुंबईतला गिरणी कामगारांचा संप त्याच वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला होता. इथे विकत घेणारं कोणी नव्हतं म्हणून यंत्रं जागेवर राहिली. आपल्याकडे जमिनीला भाव होता.

साचे थांबल्यावर दाखवणाऱ्या माणसाने मला विचारलं, तुमचे वडील किती साचे बघायचे? मला उत्तर येत नव्हतं. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी हे कधी विचारलंच नाही. त्या संपात उतरलेला सर्वांत तरुण पोरगाही आता साठीपुढे गेला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरात, शेजारात, गावात असा कोणी असेल, त्यांनी त्याच्याजवळ बसून विचारून घ्यावं: कोणतं खातं, किती साचे, खानावळ कोणाची, दारापुढे रांगोळी कोण काढायचं. आणि त्याच दिवशी लिहून ठेवावं.